यंत्रमागाच्या जॉबवर्कसाठी खास सॉफ्टवेअर करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की इचलकरंजीत तुमचे २४ माग आहेत आणि सगळं काम खर्चीचं, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं. जमाखर्चाला टॅली हे सॉफ्टवेअर आहे. मध्यंतरी एक तयार ईआरपी, म्हणजे सगळ्या धंद्याचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं, ते काही महिन्यांत बंद पडलं आणि हिशेब लिहिणारे दिवाणजी पुन्हा वहीवर आले. आता ओळखीतला एक जण खास तुमच्यासाठी सॉफ्टवेअर लिहून देतो म्हणतोय. त्यानं खरंच काही सुटेल का, की पुन्हा एकदा पैसे जातील, हा तुमचा प्रश्न.

मी याच जिल्ह्यातल्या छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यात यंत्रमागवालेही आहेत. माझं म्हणणं असं की सुटेल, पण एकाच गोष्टीपुरतं करून घेतलंत तर. ती गोष्ट म्हणजे सुताचा हिशेब. पगार, जमाखर्च, जीएसटीची विवरणपत्रं यातलं काहीही नव्यानं लिहून घेऊ नका. ते टॅली चांगलं करतं आणि कायदा बदलला की तिकडं बदलही अपडेटमधून येतो. तुमच्या माणसाला ते सगळं सांभाळत बसावं लागलं तर मूळ कामाला त्याच्याकडं वेळच उरणार नाही.

तयार ईआरपी का चाललं नसेल ते सांगतो. बहुतेक तयार सॉफ्टवेअरच्या पोटात एक गृहीत धरलेलं असतं: कच्चा माल विकत घेतला, त्याचा पक्का माल केला, तो विकला. तुमच्याकडं माल कधीच तुमचा नसतो. व्यापारी ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत परस्पर सायझिंगला (सुताला खळ म्हणजे पेज लावणाऱ्या कारखान्यात) टाकतो, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, सुताची बाचकी तुमच्या कारखान्यात उतरतात. सायझिंगवरून बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, येतं त्याच्या चलनावर तारा (ताण्याचे धागे किती), मीटर आणि वजन असतं. त्या एका बीमचं कापड काही आठवडे निघत राहतं, तागे वेगवेगळ्या चलनांवर जातात, आणि मधेच व्यापाऱ्याचा फोन येतो की या बीमवर आता दुसरं बाणं टाका. आत आलं ते किलोत, बाहेर गेलं ते मीटरमध्ये, आणि दोन्हींचा मालक तिसराच. हे ज्या सॉफ्टवेअरला मुळापासून माहीत नाही त्याच्यात ते बसवायला गेलं की दिवाणजींना खोट्या खरेद्या आणि खोट्या विक्र्या टाकाव्या लागतात. दोन-तीन महिन्यांत सगळा साठा बिघडतो आणि वही परत येते. यात दिवाणजींचा काही दोष नाही. त्यांची वही त्या सॉफ्टवेअरपेक्षा खरी होती.

आता पैसा कुठं जातो ते पाहा. लॉट, म्हणजे एका खेपेला दिलेल्या सुताचं काम, संपला की व्यापारी बसून हिशेब करतो: एवढं सूत दिलं, एवढं कापड आलं, एवढी घट, म्हणून मजुरीतून एवढं कापलं. त्या क्षणी तुमच्याकडं स्वतःचा आकडा नसेल तर त्याचाच आकडा मान्य करावा लागतो. मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत वर्षाच्या कमाईला सगळ्यात मोठं भोक इथंच असतं, आणि ते नफ्या-तोट्याच्या पत्रकात कुठं दिसतही नाही, कारण बिल आधीच कमी झालेलं असतं.

हा आकडा काढायचं गणित अवघड नाही. सुती सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते. त्यावरून मीटर आणि ग्रॅमचं सूत्र निघतं: पिक (एका इंचात बाण्याचे धागे किती) गुणिले फणीतली, म्हणजे मागावर ताणा पसरतो ती, रुंदी इंचात गुणिले ०.५९, भागिले काउंट. उत्तर येतं एका मीटर कापडाला लागणारं बाण्याचं सूत, ग्रॅममध्ये. ६० पिक, ५० इंच, ४० काउंट धरला तर साधारण ४४.३ ग्रॅम. ताण्यालाही तोच ०.५९ चालतो, फक्त पिक आणि रुंदीच्या जागी तारांची संख्या घालायची.

पण खरी मेख सूत्राच्या बाहेर आहे, आणि खास करून घेण्याचा फायदा तिथंच होतो. बीमचं वजन हे निव्वळ सुताचं वजन नसतं, त्यात खळ असते. सुती बीमवर ती दहा टक्क्यांच्या पुढेही जाते. सायझिंगच्या चलनावरचे किलो आणि व्यापाऱ्यानं सायझिंगला टाकलेले किलो म्हणूनच कधी थेट जुळत नाहीत. ताण्याची तार कापडात वरखाली वाकत जाते, त्यामुळे बीमवर जेवढे मीटर तेवढे कापडाचे मीटर निघत नाहीत. बाण्याच्या कांड्या भरताना आणि माग बंद-चालू होताना चिंधी पडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ४० काउंट लिहिलेलं सूत ४० असेलच असं नाही.

एका कारखान्यात आम्ही हेच बसवलं. प्रत्येक लॉटमधून नमुना घेऊन १२० यार्डांची ली, म्हणजे छोटी लड, रिळावर गुंडाळायची, तिचं वजन करायचं आणि निघालेला काउंट त्या लॉटपुढं नोंदवायचा, एवढंच नवं काम वाढवलं. एका व्यापाऱ्याच्या लॉटला सतत घट दाखवली जायची. नोंदीत दिसलं की ते सूत ४० नसून ३८.५ च्या आसपास होतं. जाडसर सूत म्हटल्यावर मीटरला ४४.३ ऐवजी ४६ ग्रॅम लागणारच. दहा हजार मीटरला हा फरक १७ किलोंचा होतो. आधी हे १७ किलो विणकरानं वाया घालवले असं धरलं जायचं. छापील कागद समोर ठेवल्यावर व्यापाऱ्यानं पुढच्या लॉटपासून मोजलेला काउंट धरायला होकार दिला. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. त्या मालकाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं त्यासाठीच मी हे काम करतो.

बाजारातलं कोणतंही तयार पॅकेज हा हिशेब करूच शकणार नाही असं नाही. काही विणकामासाठीच केलेली आहेत, ती आधी जरूर बघा. पण बघताना विक्रेत्याचा तयार नमुना बघू नका. तुमचा एक खरा, गुंतागुंतीचा लॉट त्याच्यापुढं ठेवा: अर्ध्यात बाणं बदललेलं, एक बीम या मागावरून त्या मागावर गेलेलं, काही तागे सेकंडमध्ये, म्हणजे सदोष, निघालेले. तो लॉट त्याच्याकडं सरळ बसला तर तेच घ्या. स्वस्त पडेल आणि एका माणसावर अवलंबून राहावं लागणार नाही. बसला नाही तरच करून घ्यायचा विचार.

खास करून घेणं म्हणजे काहीतरी कच्चं काम, अशी एक समजूत आहे, तीही सोडा. तुमच्या टेबलावरचं टॅलीच घ्या. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवायचे. त्यांच्या हिशेबाला बसेल असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ सालची ती गोष्ट. एका घरच्या धंद्याची अडचण नीट सोडवली गेली आणि ती अडचण लाखो दुकानांची निघाली. तुमची अडचण इतकी सार्वत्रिक नाही. मजुरी दर पिकाला किती पैसे यावर ठरते, मधे सायझिंग वेगळ्या मालकाचं, सूत तिसऱ्याचं, ही रचना आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घडत आलीय. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून. ती बाहेरच्या कुणी बंगळुरूत बसून ओळखावी अशी अपेक्षा करणं चूक आहे.

आता करून घ्यायचंच ठरलं तर पहिली अट अशी घाला: लिहिणारा माणूस संध्याकाळी दिवाणजींशेजारी बसला पाहिजे, तुमच्याशेजारी नव्हे. मालक सांगतो ते काम कसं चालायला हवं ते, आणि दिवाणजींच्या वहीत असतं ते कसं चालतं ते. वहीच्या समासात पेन्सिलनं काय लिहिलंय ते त्यानं वाचावं. 'बीम बदली', 'फोनवर सांगितले', 'दोन तागे मागाहून' अशा नोंदीच खरा तपशील देतात. त्या टाकायला सॉफ्टवेअरमध्ये जागा नसेल तर पुढची वही तिथंच सुरू होईल.

दुसरं, मागावर कमीत कमी नोंद ठेवा. १९५१ साली लंडनच्या जे. लायन्स कंपनीनं, म्हणजे चहाची दुकानं आणि बेकरी चालवणाऱ्यांनी, स्वतःच्या कामासाठी लिओ नावाचा आख्खा संगणकच बांधून वापरात आणला. पुढे दुकानांची रोजची मागणी त्यावर घेतली, तेव्हा त्यांनी एक फार शहाणी गोष्ट केली. प्रत्येक दुकानाची त्या त्या वाराची ठरलेली मागणी आधीच भरून ठेवली आणि दुकान सांभाळणाऱ्या बाईनं फोनवर फक्त फरक सांगायचा. तुमच्याकडंही हेच करता येतं. सात नंबरच्या मागावर अमुक बीम, अमुक बाणं चालू आहे, हे एकदा टाकलं की बदल होईपर्यंत तसंच राहू द्यायचं. बीम संपलं, बाणं बदललं, माग बंद राहिला, तागा उतरला, एवढ्यालाच बोट लावायचं. माग सांभाळणारा जॉबर रात्रपाळीत, तेलकट हातानं, आवाजात उभा राहून मोठा फॉर्म भरणार नाही. त्यानं भरावा अशी इच्छाही धरू नये. बीमवर नंबर रंगवलेला असतोच, तोच वापरा, नवे कोड काढू नका. आणि सगळं मराठीत हवं, त्यांच्याच शब्दांत.

तिसरं, चुकीची नोंद खोडता येऊ नये, दुरुस्त करता यावी, आणि आधीचा आकडा कुणी, कधी बदलला ते दिसावं. व्यापाऱ्यासमोर हा कागद ठेवायचा आहे, त्याला त्यावर विश्वास वाटायला हवा. शक्य असेल तर त्याला त्याच्या लॉटची स्थिती मोबाइलवर बघता येऊ द्या. पुष्कळ मालक याला घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे: ज्याला रोज दिसतं तो शेवटी ओढाताण करत नाही. शिवाय त्याचीही एक गरज भागते. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो दिला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरलं जातं. आयटीसी-०४ हे जॉबवर्कच्या मालाचं विवरणपत्र त्याला भरावं लागतं, ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, त्याखाली वार्षिक. त्याची चलनं जुळवलेली यादी तुम्ही हातात दिलीत तर पुढचं काम तुमच्याकडंच येण्याची शक्यता वाढते.

पैशाचं आणि मालकीचं आधीच कागदावर घ्या. मूळ कोड तुमचा, डेटा तुमच्या नावाच्या खात्यात, रोजची प्रत तुमच्या ताब्यात. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखी, कुणाही प्रोग्रामरला माहीत असलेली डेटाबेसची साधनं वापरायला सांगा, म्हणजे हा माणूस उद्या पुण्याला गेला तर दुसरा पुढं चालवू शकेल. टॅलीत एक्सएमएल फाइलनं नोंदी आत घेता येतात, तेव्हा मजुरीचं बिल दोनदा लिहावं लागणार नाही एवढी सोय मागा. रक्कम टप्प्याटप्प्यानं द्या. दर वर्षाची देखभाल किती आणि त्यात काय येतं तेही लिहून घ्या, कारण पहिल्या वर्षी बदल सुचत राहणारच.

काम झालं की नाही हे ठरवायची एक खात्रीची पद्धत आहे. गेल्या वर्षीचा एक लॉट निवडा, ज्याचा हिशेब तुमच्यात आणि व्यापाऱ्यात मिटलेला आहे. त्याची सगळी चलनं त्या माणसाला द्या आणि सॉफ्टवेअरमधून तो लॉट पुन्हा काढायला सांगा. उत्तर वहीशी जुळलं पाहिजे, किंवा का जुळत नाही ते चलन दाखवून सांगता आलं पाहिजे. हे होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण बहुतेकांच्या मनात असते: यानं दिवाणजींची नोकरी जाईल का? मी तरी तसं होताना पाहिलेलं नाही. बेरजा करण्यात जाणारी त्यांची संध्याकाळ मोकळी होते आणि ते सायझिंगवर जाऊन बीम तपासून आणायला लागतात. हे त्यांना पहिल्याच दिवशी, तुम्ही स्वतः, समोर बसवून सांगा. त्यांचा पाठिंबा नसेल तर कितीही चांगलं लिहिलेलं सॉफ्टवेअर तुमच्या कारखान्यात चालणार नाही.

आणि सुरुवात करताना मागांवर चाललेली अर्धवट बीमं नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरत बसू नका. ती वहीतच संपू द्या. एका व्यापाऱ्याच्या नव्या लॉटपासून, पाच-सहा मागांवर सुरू करा, महिनाभर वही आणि सॉफ्टवेअर बरोबर चालवा, मग बाकीचे माग घ्या.