दुकान माझं एकट्याचं, डाळमिल भावासोबत भागीदारीत, भावाशी तोंडी ठरलंय, हिशेब बायको बघते. तिघांचा पगार दाखवला तर कर कसा लागेल?

दुकानातून तुम्हाला पगार घेताच येत नाही. मालक आणि दुकान कायद्याला एकच, घेतलेला पैसा म्हणजे उचल. मिलमधून मानधन घेता येतं, पण करारात नीट लिहिलेलं असेल तरच. या 'नीट' पायी आम्ही सव्वा लाख भरलेत.

आमचीही बार्शीत डाळमिल, दादा आणि मी भागीदार. करार करताना वकिलांनी विचारलं, मानधनाचा आकडा काय टाकू? दादा म्हणाला, "भावाभावांत आकडे कसले? सहमतीने ठरेल तेवढं, असं टाका." मी म्हणत होतो आकडा टाकू. धाकट्याचं कोण ऐकतो! कलम 9 तसंच टाइप झालं.

2011-12 या वर्षाची आयकर खात्याची छाननी लागली. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांसोबत करारही पाटावर मांडायचो, त्यामुळे पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. अधिकाऱ्यांनी पानं उलटली, कलम 9 खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, "आकडा कुठाय?" रक्कम किंवा ती काढायची रीत करारातच हवी, असं आयकर खात्याचं 1996 चं 739 नंबरचं परिपत्रक सांगतं. दोघांच्या मानधनाचे दोन-दोन लाख, चारही फर्मचा खर्च म्हणून नामंजूर. फर्मला सरसकट 30 टक्के, उपकरासह 1,23,600 रुपये, वर व्याज. तेवढं उत्पन्न आमच्या नावावरून कमी झालं खरं, पण आम्ही 10 टक्क्यांच्या टप्प्यात होतो. दादा अजून सीएला दोष देतो. चूक सीएची नव्हती.

2014 ला नवा करार केला, आकड्यासकट. दादाने सही केली आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

मिलचं मानधन तुमच्या हातात धंद्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळे नोकरदाराची प्रमाणित वजावट विसरा. नफ्यातला वाटा मात्र करमुक्त. बायकोला दुकानातून पगार दिलात तर तो तुमच्याच उत्पन्नात मिळवतात. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि कमाई त्याच ज्ञानाची असेल, तरच सुटका. नुसतं 'हिशेब बघते' पुरत नाही.

हो, मानधनाला मर्यादा आहे: पहिल्या सहा लाख नफ्यावर 90 टक्के किंवा तीन लाख, जे जास्त असेल ते, पुढे 60 टक्के. तेही मिलमध्ये खरोखर काम करणाऱ्या भागीदारालाच. एप्रिल 2025 पासून मानधन आणि भांडवलावरचं व्याज मिळून वर्षाला 20,000 च्या वर गेलं की फर्मने 10 टक्के टीडीएस कापायचा. आणि फर्म अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीच्या ठराविक टक्क्यांना नफा धरतात ती) असेल, तर मानधनाची वेगळी वजावट मिळतच नाही, हे आधी सीएकडून बघून घ्या.

प्रश्नात तुम्ही लिहिलंय, "भावाशी तोंडी ठरलंय." या आठवड्यात त्याला वकिलाकडे घेऊन जा. रुसला तर रुसू द्या, माझ्या दादासारखा महिन्याभराने बोलेल.