वाचकांचे प्रश्न : बॅकअप घेतलाय, पण परत येतो का?

प्रश्न : शहापुरात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं अशी कामं. मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत, जुळणी पेजमेकर आणि कोरलमध्ये. कॉम्प्युटर नऊ वर्षांचा, १ टीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. हल्ली मशीन अडकत अडकत चालतंय म्हणून सगळी कामं पेनड्राइव्हवर काढून घेतली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरांचा नुसता चिवडा, फोटोंच्या जागी धुरकट चौकोन. बॅकअप असा खराब कसा होतो? — *एक डीटीपी व्यावसायिक, शहापूर, बेळगाव*

उत्तर : बॅकअप खराब झालेला नाही, तो अर्धाच घेतलाय. जुन्या श्रीलिपी आणि नुडी फॉन्टांत मराठी-कन्नड अक्षर फाईलमध्ये अक्षर म्हणून नसतंच. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, त्यांना आकार देतो तो फॉन्ट. फॉन्ट नाही तर चिवडाच दिसणार. फोटोंचंही तसंच. पेजमेकर मोठा फोटो पोटात घेत नाही, तो कुठल्या फोल्डरात आहे एवढंच लिहून ठेवतो आणि पडद्यावर हलकी छबी दाखवतो. म्हणून काम बाहेर काढताना ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘ऑल लिंक्ड फाइल्स’ हा पर्याय निवडा, म्हणजे जोडलेले फोटोही बरोबर येतात.

पण आधी डिस्ककडे बघा. मशीन अडकतंय हे लक्षण चांगलं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींसमोर शून्याखेरीज काही दिसलं आणि वर पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आलं, तर डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे माल ठेवायचे कप्पे, मेलेत किंवा वाचता येईनासे झालेत. अशा वेळी पुष्कळ जण पहिल्यांदा चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन लावतात. ते करू नका. खराब सेक्टर शोधायला लावली की चेकडिस्क सगळी डिस्क टोकापासून टोकापर्यंत घासून वाचते, आणि मरायला टेकलेली डिस्क नेमकी त्यातच बसते. आधी माल बाहेर काढा, दुरुस्ती मग.

बाहेर काढायला नेहमीचं कॉपी-पेस्ट उपयोगाचं नाही. एखादी फाईल वाचता आली नाही की ते मध्येच थांबून विचारत बसतं, आणि तुम्ही सकाळी येऊन बघता तर रात्रभर काम तिथेच अडलेलं. विंडोजमध्येच असलेलं रोबोकॉपी वापरा. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत रोबोकॉपी, मग मूळ फोल्डर, मग नवी जागा, आणि शेवटी /ई /आर:१ /डब्ल्यू:१ असं टाइप करायचं. ‘ई’ म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामेसुद्धा. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ विसरू नका. ते दिले नाहीत तर न वाचता येणारी एकेक फाईल रोबोकॉपी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, परत परत मागत राहतो. हिशेब केला तर एका फाईलसाठी जवळजवळ वर्ष. शेवटी /लॉग: आणि फाईलचं नाव जोडलं की काय आलं, काय राहिलं याची यादी मिळते. ती वाचायची असते, नुसती ठेवायची नसते. कुणी ‘/मिर’ लावायला सांगितलं तर जपून. तो नव्या जागेला मूळ जागेची हुबेहूब नक्कल करतो, म्हणजे मुळात जे नाही ते तिकडूनही पुसतो. मूळ आणि नवी जागा उलटसुलट टाइप झाली तर पाच मिनिटांत दोन्हीकडे शुकशुकाट.

बाहेरची डिस्क निळ्या पट्टीच्या पोर्टात लावा. ५०० जीबीला तिथे साधारण दीड-दोन तास लागतात, जुन्या काळ्या पोर्टात पाच तासही कमी. लहान लहान फाईली हजारोंनी असल्या तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

फॉन्ट दोन ठिकाणी शोधा. एक, विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर. दुसरं ठिकाण लोकांच्या ध्यानातच येत नाही. विंडोज १०च्या २०१८ सालच्या अपडेटपासून साधं ‘इन्स्टॉल’ दाबून टाकलेला फॉन्ट त्या एकट्या युजरच्या खात्यात जातो : यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. ॲपडेटा लपलेला फोल्डर आहे, ‘हिडन आयटम्स’वर टिक केल्याशिवाय दिसत नाही. श्रीलिपीची सीडी, डोंगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली) आणि डोंगलचा ड्रायव्हर एका पाकिटात ठेवा. डोंगलची नक्कल कॉपी करून होत नाही. आणि गिऱ्हाईकाला दिलेल्या प्रत्येक कामाची फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ ठेवा. दहा वर्षांनी पेजमेकर उघडला नाही तरी पत्रिका दिसेल.

दुसऱ्या कुणाला आम्ही सिस्टिम इमेजचा, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम आणि फाईली यांच्या एकत्र हुबेहूब प्रतीचा, आग्रह धरत नाही. विंडोज परत टाकता येतं, फाईली असल्या की झालं. तुमचं तसं नाही. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची. ती, कोरल, दोन लिप्यांचे कीबोर्ड आणि प्रिंटरचे जुने ड्रायव्हर हे सगळं पुन्हा बसवून चालू करायचं म्हणजे लग्नसराईतला आठवडा जाईल. तुम्हाला बसवलेलं मशीन जसंच्या तसं जपायला हवं.

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ उघडा, डावीकडे ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ आहे. पेनड्राइव्ह तिथे चालत नाही, बाहेरची हार्डडिस्क लागते आणि तीही एनटीएफएस फॉरमॅटची. नवी डिस्क एक्सफॅट असली तर काही ठेवण्याआधीच फॉरमॅट करून घ्या. इमेजमध्ये सी ड्राइव्ह आपोआप येतो, डीवर टिक करावी लागते. तयार होणाऱ्या ‘विंडोजइमेजबॅकअप’ फोल्डरचं नाव बदलू नका, दुसऱ्या फोल्डरात ढकलू नका. रिकव्हरी त्याला त्याच नावानं, डिस्कच्या तोंडाशीच शोधते.

आता परत आणायचं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवा, त्यावरून मशीन सुरू करा, ‘इन्स्टॉल’ न दाबता ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’, मग ‘ट्रबलशूट’, मग ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’. इथे माणसं दोन जागी अडकतात. तुमचं नऊ वर्षांचं मशीन कदाचित जुन्या बायॉस पद्धतीनं, म्हणजे लेगसीत सुरू होत असेल. तसं असताना पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीनं सुरू झाला तर ‘फर्मवेअर वेगळं आहे’ असं सांगून काम थांबतं. बूट मेन्यूत एकाच पेनड्राइव्हच्या दोन नोंदी दिसत असतील तर नावात यूईएफआय नसलेली निवडा. दुसरी अडचण मापाची. १ टीबीच्या डिस्कची इमेज ५०० जीबीच्या एसएसडीवर उतरत नाही, आत माल १५० जीबीचा असला तरी नाही. लहान एसएसडीवर जायचं असेल तर इमेजऐवजी एसएसडी कंपनीच्या क्लोनिंग सॉफ्टवेअरनं जुनी डिस्क चालू असतानाच नक्कल करा. माल मावत असला की ती आपोआप आखडून बसवतात.

इमेज झाली की तपासा. त्या पेनड्राइव्हवरून एकदा इमेजची तारीख दिसेपर्यंत जा आणि ‘कॅन्सल’ दाबा. मग चालू विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, ‘ॲटॅच व्हीएचडी’नं इमेजमधली मोठी व्हीएचडीएक्स फाईल ‘रीड-ओन्ली’वर टिक करून जोडा. नवा ड्राइव्ह दिसेल. त्यातून गेल्या महिन्यातली एक पत्रिका उघडून बघा.

जाता जाता : विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. हे मशीन जुळणीपुरतंच ठेवा, मेल आणि डाऊनलोड दुसऱ्या मशीनवर करा.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. वनड्राइव्हची ५ जीबी जागा भरली असं सारखं येत होतं, म्हणून मोबाइलवरून वनड्राइव्हमधले शाळेचे जुने फोटो काढून टाकले. तर लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरूनही गेले! हा बॅकअप म्हणायचा तरी कसा? — *एक शिक्षिका, खानापूर तालुका*

उत्तर : म्हणायचाच नाही. विंडोज त्याला बॅकअप म्हणतं खरं, पण ते सिंक आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हशी बांधले जातात. एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं.

आज संध्याकाळच्या आत वनड्राइव्हच्या संकेतस्थळावर जाऊन ‘रीसायकल बिन’ बघा. पुसलेल्या फाईली तिथे ३० दिवस राहतात, ‘रिस्टोअर’ केलं की जागच्या जागी येतात. मग फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. घेताना फाईलशेजारचं चिन्ह बघा. ढगाचं असेल तर फाईल लॅपटॉपवर नाहीच, नुसतं नाव आहे. तुमच्याकडे पावसात नेट गेलेलं असताना असे फोटो कॉपी होणार नाहीत. नेट असताना फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळीकडे हिरवी खूण येऊ द्या, मग कॉपी करा.

वनड्राइव्ह बंद करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज बॅकअप’मधून एकेक फोल्डर सोडवा. नंतर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाईली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, तिथून उचलून आणायच्या.

प्रश्न : टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेतो, एक दिवस चुकवत नाही. तरी मशीन गेल्यावर रिस्टोअर होईना. — *एक व्यापारी, निपाणी*

उत्तर : रोज, पण त्याच पेनड्राइव्हवर आणि त्याच फोल्डरात. म्हणजे आजचा बॅकअप कालच्याच्या डोक्यावर बसतो. मशीन बिघडायला लागलं त्या दिवसापासून बिघडलेला डेटाच चांगल्यावर लिहिला जात होता. त्यात पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता ओढून काढत असाल तर फाईल अर्धवटही असू शकते.

तीन पेनड्राइव्ह घ्या, चिकटपट्टीवर १, २, ३ लिहा आणि पाळीनं लावा. एक नेहमी घरी. प्रत्येकावर तारखेचा फोल्डर. टॅली उघडी असताना डेटा फोल्डर तसाच कॉपी करायचा नाही. ऑल्ट-वायमधूनच ‘बॅकअप’ घ्यायचा. ३१ मार्चचा बॅकअप वेगळा काढून ठेवा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात.

आणि महिन्यातून एकदा बॅकअप परत आणून बघा, पण चालू डेटावर नव्हे. डी ड्राइव्हमध्ये ‘तपासणी’सारखा रिकामा फोल्डर करून तिथे रिस्टोअर करा, कंपनी उघडा आणि ट्रायल बॅलन्स चालू कंपनीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम. मशीन बदललं तर टॅलीची आवृत्ती तीच किंवा नवी असू द्या. नव्या आवृत्तीचा डेटा जुनी टॅली उघडत नाही.

प्रश्न : वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवरचे सगळे ड्रॉइंग आणि सीएनसीचे (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांचे) प्रोग्रॅम रात्रीत लॉक झाले, फाईलच्या नावापुढे भलतंच शेपूट. बॅकअपची डिस्क जोडूनच होती, तीही गेली. पैसे भरू का? — *एक लघुउद्योजक, उद्यमबाग*

उत्तर : नको. पैसे भरून किल्ली मिळेलच असं नाही. आधी नेटची वायर काढा आणि डिस्कही. फॉरमॅट करू नका, आहे तशी बाजूला ठेवा. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांबरोबर २०१६ साली सुरू केलेला फुकट उपक्रम आहे. तिथे लॉक झालेल्या फाईली आणि खंडणीची चिठ्ठी चढवली की किल्ली उपलब्ध आहे का कळतं. आज नसली तरी पुढे निघू शकते, म्हणूनच डिस्क जपायची. ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’वर फार भिस्त नको. विंडोजच्या त्या जुन्या प्रती असले व्हायरस आधीच पुसून टाकतात. विंडोज कोरं टाकल्याखेरीज दुसरी कुठलीही चांगली डिस्क त्या मशीनला लावू नका.

यापुढे दोन डिस्का. बॅकअप चालू असेल तेवढा वेळच एक जोडलेली, दुसरी कपाटात, आठवड्याला अदलाबदल. तुमच्या सीएनसी मशीनचे पॅरामीटर, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज, कॉम्प्युटरवर नसून कंट्रोलच्या बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत असतात. तेही कार्डवर काढून ठेवा. बॅटरी बदलताना कंट्रोल चालू असू द्यायचा, एवढं ऑपरेटरला बजावा.

प्रश्न : लॅपटॉप दुरुस्त होऊन आला आणि ४८ आकडी किल्ली मागतोय. मी कधीच पासवर्ड लावला नव्हता. — *एक विद्यार्थी, चिकोडी*

उत्तर : तुम्ही लावला नाही, विंडोजनं लावला. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलं की डिस्क आपोआप बिटलॉकर या विंडोजच्या कुलपानं बंद होते. मदरबोर्ड बदलला की कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप बदलते आणि किल्ली लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ‘रिकव्हरी कीज’खाली आहे. पहिल्यांदा सेटअप करताना दुकानदारानं स्वतःचा ईमेल टाकला असेल तर त्याच्याकडे विचारा. कुठेच नसली तर त्या डिस्कवरचं काही परत येत नाही, रिकव्हरीवाल्यांकडूनही नाही. मिळाली तर कागदावर उतरवून मार्कशीटच्या फाईलमध्ये ठेवा. आणि चालू विंडोजमधून घेतलेली इमेज कुलूप नसलेली असते, ती डिस्क कुणाच्या हाती देऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात डिस्क कपाटात ठेवली तर बुरशी येते का? — *एक वाचक, कणकुंबी*

उत्तर : तुमच्याकडच्या पावसात येते, सर्किटवर आणि कनेक्टरवर. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर वाळवा. डबा उघडल्यावर डिस्क लगेच जोडू नका, अर्धा तास खोलीत राहू द्या. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर पेनड्राइव्ह किंवा एसएसडी नको. वीज नसताना त्यांतला चार्ज हळूहळू ओसरतो. साधी फिरती हार्डडिस्क बरी, दर सहा महिन्यांनी लावून चार फाईली उघडायच्या.