स्प्लॅश माउंटन काढून टियानाची राइड आणली ते बरोबर की चूक? फॅन्स अजून का भांडतायत?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मुलांना घेऊन ऑरलँडोला जाताय, म्हणून तिथल्या डिस्ने पार्कात स्प्लॅश माउंटन ही जुनी राइड बदलून केलेल्या टियाना या डिस्ने राजकन्येच्या नव्या राइडचे व्हिडिओ बघायला गेलात तर प्रत्येक व्हिडिओखाली लोक एकमेकांच्या उरावर बसलेले, एक म्हणतो डिस्नेने वाट लावली, दुसरा म्हणतो तू रेसिस्ट आहेस, तर नक्की भानगड काय आणि बदल बरोबर होता का. मी फ्लोरिडातच राहतो, जुनी राइड भरपूर वेळा केलीय, नवीही केलीय, त्यामुळे सांगतो. माझं मत असं की बदलायला हवंच होतं, पण जे केलंय ते अर्धवट जमलंय. ही दोन्ही वाक्यं एकत्र बोललं की दोन्हीकडून शिव्या पडतात हे आधीच सांगून ठेवतो.

आधी मुळापासून. स्प्लॅश माउंटन पहिल्यांदा कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९८९ साली आली, मग १९९२ मध्ये टोकियो आणि ऑरलँडो. पाण्यातल्या ओंडक्यासारख्या बोटीत बसायचं, आत दहाएक मिनिटं गाणारे यांत्रिक प्राणी बघत फिरायचं आणि शेवटी ५० फुटांवरून धाडकन खाली. कल्पना टोनी बॅक्स्टर नावाच्या डिझायनरची, १९८३ साली गाडी चालवत ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकला असताना त्याला सुचली असं तो स्वतः सांगतो. डिस्नेलँडच्या एका कोपऱ्यात गर्दी होत नव्हती, लोकांना पाण्याची राइड हवी होती, आणि 'अमेरिका सिंग्ज' नावाचा एक शो म्हातारा झाला होता ज्यात ढीगभर गाणारे प्राणी पडून होते. त्यातले बरेचसे उचलून इकडे आणले. शेवटच्या सीनमध्ये बोटीवर नाचणाऱ्या कोंबड्या त्यातल्याच. म्हणजे आज ज्या राइडला लोक पवित्र मानतात ती स्वतःच अर्धी जुन्या सामानातून उभी राहिलेली, हे भांडणाऱ्यांना आठवण करून दिलं की आवडत नाही.

प्रॉब्लेम गोष्टीचा. राइडमधला ससा, कोल्हा आणि अस्वल आले १९४६ च्या 'सॉंग ऑफ द साऊथ' या डिस्नेच्याच सिनेमातून. सिनेमाचा काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा, जागा जॉर्जियातला मळा, आणि एक म्हातारा काळा माणूस, अंकल रीमस, मळ्याच्या मालकाच्या घरातल्या गोऱ्या पोराला गोष्टी सांगतो. सगळे हसतायत, गातायत, कुणाला कसली तक्रार नाही. तेव्हाच म्हणजे १९४६ मध्येच एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने म्हटलं होतं की कलाकारी उत्तम आहे पण मालक आणि गुलाम यांचं नातं गोडगोड असल्यासारखं दाखवलंय. त्यामुळे 'हे आजकालचं वोक फॅड', म्हणजे वर्णभेदाबद्दल उगाच जागरूकता दाखवायची फॅशन, असं कुणी म्हणालं तर तो मुद्दा तिथेच संपतो, तक्रार सिनेमाइतकीच जुनी आहे. आणि जेम्स बॅस्केट, ज्याने रीमसचं काम केलं, तो अटलांटातल्या प्रीमियरलाही जाऊ शकला नाही कारण तिथे वर्णभेदाचे कायदे होते. पुढे १९४८ मध्ये त्याला मानद ऑस्कर दिला, ऑस्कर मिळालेला तो पहिला काळा पुरुष, आणि त्याच वर्षी तो वारला. हे वाचल्यापासून मला त्या सिनेमाचं गाजलेलं गाणं पूर्वीसारखं ऐकवत नाही, गाणं कितीही गोड असलं तरी.

आता डिस्नेचं वागणं बघा. हा सिनेमा अमेरिकेत थिएटरमध्ये शेवटचा लागला १९८६ साली. त्यानंतर तिथे ना व्हिडिओ कॅसेट, ना डीव्हीडी, आणि डिस्ने प्लसवरही येणार नाही हे डिस्नेचा तेव्हाचा कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगरने २०२० मध्ये भागधारकांच्या सभेत स्पष्ट सांगितलं. म्हणजे कंपनीने स्वतःच ठरवलं की सिनेमा दाखवण्यासारखा नाही, पण त्यातलेच प्राणी आणि त्यातलंच गाणं घेऊन तीन पार्कमध्ये राइड चालू ठेवली. अंकल रीमसला राइडमध्ये घेतलाच नाही, सिनेमात ससा डांबराच्या बाहुलीला चिकटतो त्याऐवजी इथे मध आणि मधमाश्यांचं पोळं केलं. म्हणजे राइड बांधतानाच त्यांना पक्कं माहीत होतं काय झाकायचंय. तीस वर्षं हे घोंगडं भिजत ठेवलं आणि मग २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर देशभर निदर्शनं पेटली, राइड बदला म्हणून ऑनलाइन पिटीशन आली, हजारो सह्या झाल्या, राइड वाचवा म्हणून उलटी पिटीशनही आली, आणि २५ जूनला डिस्नेने जाहीर केलं की राइड टियानाची होणार. सोबत हेही म्हणाले की आमचं काम गेल्या वर्षापासूनच चालू होतं. असेलही. पण घोषणेची वेळ अशी होती की एका बाजूला वाटलं दबावाला घाबरले आणि दुसऱ्या बाजूला वाटलं ही सगळी प्रतिमा धुवायची धडपड, त्यामुळे पहिल्या दिवसापासून विश्वास कुणाचाच नाही.

फॅन्सचा सगळ्यात आवडता युक्तिवाद म्हणजे 'सिनेमा कुणी बघितलाय? पोरांना तर माहीतही नाही, मग राइडने कुणाचं काय बिघडवलं?' ऐकायला पटतं. मलाही वाटायचं की गाणारा ससा आहे, बास. पण याच्याच उलट बाजूने बघा, ज्याची मूळ गोष्ट लपवूनच ठेवावी लागते त्या गोष्टीवर पार्कचं एवढं मोठं आकर्षण उभं आहे, पोराने 'हा ससा कुठल्या पिक्चरमधला' विचारलं की कंपनीकडे दाखवायला पिक्चर नाही. आणि ज्यांना माहीत आहे, म्हणजे काळी कुटुंबं, त्यांनी त्या रांगेत उभं राहून काय विचार करायचा? 'तुम्हाला माहीत नाही असं समजा'?

पण इथे एक गोष्ट दोन्ही बाजू गाळतात आणि मला तीच सगळ्यात जास्त लागते. तो ससा डिस्नेचा नाहीच. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराचाही नाही, ज्याने १८८० मध्ये अंकल रीमसचं पहिलं पुस्तक काढलं. हॅरिस पोरवयात जॉर्जियातल्या एका मळ्यावर कामाला होता आणि तिथल्या गुलामांकडून त्याने या गोष्टी ऐकल्या. त्या गोष्टींची मुळं आफ्रिकेपर्यंत जातात. ताकद नाही, हत्यार नाही, पण डोक्याने कोल्ह्याला आणि अस्वलाला गंडवणारा ससा, आपल्या पंचतंत्रातल्या सिंहाला विहिरीत पाडणाऱ्या सशाचा भाऊच म्हणा. पण चाबकाखाली जगणारी माणसं रात्री ही गोष्ट एकमेकांना सांगायची तेव्हा तिचा अर्थ वेगळा होता, कोल्हा कोण आणि ससा कोण हे ऐकणाऱ्याला कळत होतं. हॅरिसने तिच्याभोवती आनंदी म्हाताऱ्या नोकराची चौकट बसवली, डिस्नेने ती चौकट रंगीत केली. हॅरिसच्याच गावची लेखिका अ‍ॅलिस वॉकर, तिने लिहिलंय की या माणसाने आमच्या वारशाचा मोठा हिस्सा चोरला. तर आता झालं असं की चौकट काढायच्या नादात ससाही गेला. गुलामांच्या गोष्टीतला बंडखोर ससा घालवून त्याजागी कंपनीच्या मालकीची राजकन्या आली, जिच्या बाहुल्या आणि ड्रेस दुकानात विकता येतात. कुणीतरी ससा ठेवून, ज्यांच्या गोष्टी आहेत त्यांच्याच तोंडून सांगून राइड करायचा विचार केला असता तर? केला असेलही आतल्या आत. पण ते अवघड होतं आणि टियाना सोपी होती.

टियानाबद्दल राग नाही हां माझा. २००९ च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'ची ही नायिका डिस्नेची पहिली काळी राजकन्या, न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःचं हॉटेल काढायचं स्वप्न बघणारी, तिच्यामागे तिथली खरीखुरी नामवंत शेफ लिआ चेस हिची प्रेरणा आहे, आणि इतकी वर्षं पार्कमध्ये तिच्या नावाची एक राइड नव्हती. नव्या राइडचं गाणं न्यू ऑर्लिन्सच्याच पीजे मॉर्टनने केलंय, मस्त आहे. यांत्रिक पुतळे तर असे की टियाना बोलताना ओठ, डोळे, हात बघत राहावं, जुन्या सशाच्या काळाशी तुलनाच नाही. ऑरलँडोला जुनी राइड जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, नवी २८ जून २०२४ ला उघडली, कॅलिफोर्नियाची त्याच वर्षी नोव्हेंबरात. बंद होताना लोकांनी काय काय केलं विचारू नका, त्या राइडचं पाणी भरून ईबेवर विकायला ठेवलं होतं. पाणी!

मग तक्रार कसली? गोष्टीची. जुन्या राइडची उतरण हीच गोष्ट होती. ससा घर सोडून निघतो, कोल्हा मागावर, शेवटी पकडला जातो, ओंडका वर चढत असताना दोन गिधाडं तुम्हालाच भीती घालतात, ससा म्हणतो काय वाट्टेल ते करा पण काट्यात टाकू नका, आणि मूर्ख कोल्हा त्याला नेमका काट्यातच टाकतो, जिथे तो लहानाचा मोठा झालाय. तुम्ही त्याच्याबरोबर खाली पडता आणि सुटता. किंचाळत खाली येता येता कळतं की आपण जिंकलो. राइड डिझाइन करणाऱ्यांमध्ये ही मांडणी अजून वाखाणतात आणि उगाच नाही.

नवीन राइडमध्ये टियानाला मार्डी ग्रा या न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलची पार्टी द्यायचीय, बँडला वाजवणारे कमी पडलेत, तर तुम्ही तिच्याबरोबर दलदलीत फिरून वाजवणारे प्राणी शोधायचे. सिनेमातली जादू करणारी म्हातारी मामा ओडी मंत्र टाकून तुम्हाला बेडकाएवढं करते, मग परत मोठं करते, तेव्हा उतरण येते. कोणी मागे लागलेलं नाही, काही हरवणार नाही, पार्टीला उशीर होईल फार तर. आपल्या मालिकांमध्ये तो एक आठवडा असतो ना, घरात पूजा आहे आणि सगळ्या जावा-नणंदा नुसती तयारी करतायत, तसं. सिनेमातला तो सावल्यांचा जादूगार फॅसिलिए, एवढा तगडा व्हिलन, पण राइडची गोष्ट सिनेमानंतरची असल्यामुळे तो नाही. त्याऐवजी रांगेत तुम्हाला माहिती मिळते की टियानाने 'टियानाज फूड्स' नावाची कर्मचाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था काढलीय आणि हा डोंगर म्हणजे मिठाचा घुमट, जमिनीखालून वर आलेला मिठाचा प्रचंड ढीग, आहे. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात मिठाचे घुमट खरेच असतात, पण सहकारी संस्थेची पार्श्वभूमी वाचायला उन्हात कोण उभं राहिलंय? वारणानगरचा माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

जागेचा मुद्दाही खरा आहे, पण फक्त ऑरलँडोपुरता. कॅलिफोर्नियात शेजारीच न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर आहे १९६६ पासूनचा, टियानाचं रेस्टॉरंटही तिथेच, त्यामुळे सगळं जुळतं. इथे मात्र फ्रंटियरलँडमध्ये, काऊबॉय आणि खाणींच्या मधोमध, लुइझियानाची दलदल उगवलीय.

यातले कुठलेही मुद्दे काळ्या-गोऱ्याचे नाहीत, शुद्ध कारागिरीचे आहेत. पण काही लोक राग 'राइड बदललीच का' याचा धरतात आणि काढतात व्हिलन नसण्यावर, वड्याचं तेल वांग्यावर. उलट नव्या राइडचे समर्थक कुणी गोष्ट ढिली आहे म्हटलं की लगेच त्याची नियत तपासायला घेतात. डिस्नेला हे सोयीचंच पडतं, कारण 'गोष्ट का जमली नाही' याचं उत्तर द्यावंच लागत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत राइड सारखी बंदही पडायची, त्यावरही लोकांनी राजकारण केलं, पंप बिघडला तरी वोक.

असो, तुमच्या पोरांना आवडेल. त्यांना ससा माहीत नाही, कोल्हा माहीत नाही, त्यांना बेडूक, ट्रम्पेट वाजवणारी मगर आणि उतरण दिसणार. उतरण तीच आहे, एक इंचही बदललेली नाही. उंची ४० इंच लागते, म्हणजे साधारण १०२ सेंमी, घरूनच मोजून निघा, गेटवर रडारड नको. डिसेंबरात इथे संध्याकाळी बऱ्यापैकी गारठा असतो आणि पुढच्या सीटवरचा माणूस हमखास चिंब होतो, तेव्हा दुपारी उरका आणि एक कोरडा जोड लॉकरमध्ये ठेवा. आणि जुनी बघायचीच असेल तर टोकियोत ती अजून चालू आहे, तिथलं पार्क जपानी कंपनीच्या मालकीचं आहे आणि तिथे बदलायची घोषणा झालेली नाही.