काढता येणाऱ्या सॅडलबॅगमधील स्पीकर: प्लग कोणता, आणि कोणता अर्धा भाग कुठे

तुमच्या मोटारसायकलच्या दोन्ही सॅडलबॅगांच्या (मागच्या चाकाच्या दोन बाजूंना टांगलेल्या बॅगांच्या) झाकणांत ४ ओहमचे स्पीकर आहेत, अ‍ॅम्प्लिफायर गाडीवर आहे, आणि बॅगा वरचेवर काढाव्या लागत असल्याने चटकन सुटणारा प्लग हवा आहे. वायर किती जाड घ्यावी, हेही तुम्ही विचारले आहे.

जाडीची चिंता करू नका. १६ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम असतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून बॅगेपर्यंत दोन मीटर धरले, तर जाऊन-येऊन चार मीटरांत तो जेमतेम ०.०५ ओहम भरतो. अशा मांडणीत बिघाड होतो तो बहुधा जोडावर, म्हणून खर्च आणि मेहनत तिथे करावी.

प्लग निवडताना बॅग काढल्यावर गाडीवर काय उरते, याचा विचार आधी करा. मोटारसायकलसाठीच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांत स्पीकरची ऋण तार चासीला जोडलेली नसते. दोन्ही तारांवर आउटपुट असते. त्यामुळे एक वायर वाचवण्यासाठी ऋण बाजू चासीवरून घेणे अ‍ॅम्प्लिफायरच्या जिवावर बेतू शकते, आणि लोंबणारा उघडा टर्मिनल फ्रेमला लागला तरी तोच धोका आहे. बॅटरी चार्ज करण्यासाठी वापरतात त्या दोन पिनांच्या एसएई प्लगची मी इथे शिफारस करत नाही, कारण त्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात एक संपर्क झाकलेला आणि दुसरा उघडा असतो. डॉइच डीटी जातीचा दोन पिनांचा सीलबंद कनेक्टर घ्या. त्याच्या प्लग या अर्ध्या भागात सॉकेट असतात आणि रिसेप्टॅकल या दुसऱ्या अर्ध्या भागात पिना. सॉकेटचा भाग गाडीकडे आणि पिनांचा बॅगेकडे ठेवा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडचा धातू आतच राहतो. बॅग नसताना त्यावर टोपण हवेच. शिवाय हा कनेक्टर उलटा बसतच नाही, त्यामुळे एकदा नीट जुळवलेली ध्रुवता (धन-ऋण बाजू) पुढे चुकत नाही.

आता एक बाब, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. कनेक्टरच्या मागच्या रबरी सीलमधून प्रत्येक वायर स्वतंत्रपणे जाते आणि सील गोल इन्सुलेशनवरच घट्ट बसते. नेहमीची चपटी जोडवायर मधोमध फाडून वापरली, तर तिच्या कडेला राहिलेल्या कंगोऱ्यालगत फट उरते आणि पाणी तिथूनच आत शिरते. म्हणून दोन सुट्या, गोल, बहुतारी वायरी घ्या आणि त्यांवर जाळीदार स्लीव्ह चढवा. वायरींच्या टोकांवर धातूचे संपर्क त्याच कनेक्टरसाठीच्या क्रिम्पिंग पकडीने दाबून बसवा (यालाच क्रिम्प करणे म्हणतात). सोल्डर केल्यास ते तारांच्या पेडांत वर चढते, तेवढा भाग ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपतो तिथे कंपनाने वायर तुटते. क्रिम्प केल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून पाहा.

जोड बॅगेच्या आतल्या अंगाला, बॅग सैल केल्यावर सहज हात पोहोचेल अशा उंचीवर असावा. मागच्या चाकाचे पाणी थेट उडते तिथे मात्र नको. गाडीकडचा भाग फ्रेमला क्लॅम्प करा. बॅगेकडच्या वायरीला एवढीच ढील ठेवा, की बॅग उचलण्याआधी प्लग सोडवता येईल, पण ती चाकापर्यंत किंवा सायलेन्सरपर्यंत लोंबणार नाही. बॅगेच्या भोकात ग्रोमेट (कडेने वायर कापू न देणारी रबरी कडी) बसवा आणि लगेच आतल्या बाजूला वायर क्लॅम्पने धरा, म्हणजे कोणी बॅग तशीच ओढली तरी ताण स्पीकरच्या टर्मिनलवर येणार नाही. झाकणाच्या बिजागरीपाशी वायरीचा सैल वळसा ठेवा, कारण ती तिथे प्रत्येक उघडझापीला वाकते.

झाकण बंद करण्यापूर्वी बॅगेकडच्या पिनांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा: धन टोक धन पिनेला लावल्यावर दोन्ही बॅगांतील स्पीकरचे कोन (हलणारे पडदे) बाहेरच्या दिशेने सरकले पाहिजेत. एक आत गेला, तर दोन्ही स्पीकर वाजत असूनही बास पोकळ वाटेल. मग त्याच पिनांना रोध मोजायला मल्टिमीटर लावून वायर बिजागरीपाशी आणि ग्रोमेटपाशी हलवा. ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा साधारण साडेतीन ओहमच्या आसपास दिसतो. वायर हलवताना तो उड्या मारू लागला, तर त्या ठिकाणचा जोड पुन्हा करा.