कोंबड्यांची पिसं गळतायत आणि नाकही वाहतंय, अँटीबायोटिक देऊ का?

तुमच्या गोराईच्या घरामागे आठ-दहा लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्या आहेत, दिवाळीपासून दोघींची पिसं गळतायत, अंडी बंद आहेत आणि आता नाक वाहतंय. पिसं गेल्यामुळे थंडी बाधली का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. पिसांची काळजी सोडा, नाकाकडे बघा.

मी शेजारीच मनोरीत कोंबड्या पाळतो. आपल्याकडे जूनमधला सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरात ११ तासांवर येतो. दिवस लहान झाला की वर्ष-दीड वर्षाची कोंबडी पिसं टाकते. आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, शेवटी शेपूट. तुरा फिका पडतो, अंडी थांबतात, दोन-तीन महिने असंच चालतं. हात फिरवलात तर नव्या पिसांच्या कांड्या बोटांना लागतील. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच, म्हणून फीडसोबत थोडा सुका जवळा द्या, बिनमिठाचा. पण पिसं टाकणारी कोंबडी खाते-पिते, हिंडते. नाक तिचं वाहत नाही.

नाक वाहण्यामागे बॅक्टेरिया असेल तर बहुधा दोन आजारांपैकी एक: कोरायझा किंवा मायकोप्लाझ्मा. कोरायझात डोळ्याखाली सूज येते, नाकाला घाण वास येतो आणि दोन-तीन दिवसांत शेजारणीही आजारी पडतात. मायकोप्लाझ्मा सावकाश चालतो. रात्री कोंबड्या बसल्या की खुराड्याजवळ उभे राहा, घरघर ऐकू येईल. दिवसा पंख बघा: कोंबडी नाक पंखाला पुसते, तिथली पिसं चिकटून मळलेली असतात. पिसं टाकताना अंगावर ताण येतो आणि आत दबा धरून बसलेला मायकोप्लाझ्मा डोकं वर काढतो. दोन्हींचा संबंध असलाच तर एवढाच. अलीकडे बाजारातून नवी कोंबडी आणली असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. बरी दिसणारी कोंबडीही रोग बाळगून असते.

मेडिकलमधून अमॉक्सिसिलिनसारखं अँटीबायोटिक आणू नका. अमॉक्सिसिलिन बॅक्टेरियाच्या पेशीभोवतीच्या भिंतीवर, म्हणजे पेशीभित्तिकेवर, घाव घालतं; मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते, त्यामुळे ते त्याच्यावर चालत नाही. आजारी कोंबड्या वेगळ्या करा, त्यांचं पाणी शेवटी भरा आणि डॉक्टरांना दाखवा. खाडी ओलांडायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, तरी परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हिरवी हगवण, वाकडी मान किंवा एकदम मरतूक दिसली तर मानमोडी (राणीखेत) किंवा बर्ड फ्लूही असू शकतो. मग कोंबडी कुठे नेऊ नका, मेलेलीला उघड्या हाताने शिवू नका, सरकारी पशुवैद्यकांना लगेच कळवा.

खुराड्याला थंडीसाठी प्लास्टिक गुंडाळलं असेल तर आजच काढा. मुंबईची थंडी ती केवढी! कोंबडीच्या उंचीला वाकून वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया, तो श्वासनलिकेचं अस्तर खराब करतो. ओला भुसा बदला.

डॉक्टरांनी पाण्यातून औषध दिलं तर ते सांगतील तितके दिवस धडधाकट कोंबड्यांचीही अंडी खाऊ नका, विकूही नका. पाणी सगळ्या एकच पितात.