भावजींचा गुडघा

“मॅडम, तुम्हीच हिला समजावा. डान्स लावते म्हटलं, कराटे लावते म्हटलं, पण हिला फुटबॉलच पाहिजे.” आई खुर्चीत बसता बसताच म्हणाली. नऊ वर्षांची मुलगी खाली मान घालून पायानं टेबलाचा पाय ढकलत होती.

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड नवं नाही. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने लागले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. पण मुलगी खेळायचं म्हणाली की त्याच घरांत कुजबुज सुरू होते. उन्हात रापेल, हातपाय मोडेल. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आया बहुतेक इथूनच सुरुवात करतात.

मी विचारलं, “मोडेल असं वाटतं तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं?”

ती थांबली. मग म्हणाली, “आमच्या भावजींचा गुडघा.” दीर तालमीकडून खेळायचे. एका सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटला. ती लग्न होऊन नुकतीच आलेली, सहा महिने त्यांचं जेवणाचं ताट खोलीत नेऊन द्यायची. तिच्या मनातला फुटबॉल म्हणजे तो कडक मैदानावरचा, मोठ्या पुरुषांचा खेळ होता.

ही भीती मला खोटी ठरवायची नव्हती. वयात आल्यावर मुलींना गुडघ्याच्या या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. म्हणून तर लवकर आणि नीट शिकलेलं बरं. ७ ते १३ वयाच्या मुलांसाठी फिफानं वॉर्मअपचा एक क्रम तयार केला आहे: एका पायावर तोल, उडीनंतर गुडघे आत न वळवता हलकं उतरणं, अगदी पडायचं कसं तेही. ही १५-२० मिनिटं जो कोच टाळतो, त्याच्याकडे मी माझी मुलगी पाठवणार नाही. नऊ वर्षांच्या वयाला चेंडू ४ नंबरचा, मैदान लहान, आणि डोक्यानं चेंडू मारणं नाहीच. अमेरिकेत १० वर्षांपर्यंतच्या मुलांना तो डोक्यानं मारूच देत नाहीत. डोक्याला मार लागला आणि जरा जरी शंका आली, तर त्या दिवशी खेळ बंद, मग डॉक्टर. नडगीला बांधायचे शिनगार्ड हवेतच. बूट ‘वाढत्या अंगाचे’ घेऊ नका, पाय आत सरकतो. कानातलं घरीच काढून ठेवा.

हे सगळं ऐकूनही तिचा चेहरा सैल झाला नाही. तेव्हा मी मुलीला बाहेर चित्रं काढायला बसवलं. मग हळूच आलं, “फुटबॉल शिकवणारे सर पुरुष आहेत ना.”

खरी गाठ ही होती. तिला वाटत होतं, हे बोललं तर आपण मागासलेल्या ठरू. मी म्हटलं, हा प्रश्न प्रत्येक आईनं विचारावा. आठवडाभर मैदानाच्या कडेला बसा. सर मुलींना हात लावून शिकवतात तेव्हा आधी सांगतात का? एकटीला थांबवून घेतात का? पालक बसलेले त्यांना खुपतात का? आणि मुलीला घरी शिकवा की नको वाटलं तर सरांनाही ‘नको’ म्हणता येतं, आणि घरी येऊन सांगितलं तर खेळ बंद होणार नाही. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. खेळ सुटेल या धास्तीनं मुली गप्प राहतात.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा कळलं, भीती तिलाही होती. “बॉल तोंडावर बसला तर रडू येईल. मग मला काढतील.” तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही आईला आत बोलावलं आणि तिनं ते आईसमोर पुन्हा सांगितलं.

आई आठवडाभर बसली. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की मुली पाणीच पीत नाहीत. मैदानाजवळच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं. आणखी दोन आयांना घेऊन ती चावी मागायला गेली. आता चावी तिच्याकडेच असते. बाहेरगावच्या स्पर्धेला मात्र ती अजून ‘नाही’च म्हणते. त्यासाठी दोघी पुढच्या महिन्यात माझ्याकडे येणार आहेत.