५० की ८५? डेप्थ ऑफ फील्डसाठी तरी लेन्स बदलू नका

तुमच्याकडे एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स आहे आणि 'लांब लेन्सने डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत शार्प दिसणाऱ्या भागाची खोली) कमी होते' असं ऐकून पोर्ट्रेटसाठी ८५ घ्यावी का, असं विचारलंय. केवळ त्या कारणासाठी नका घेऊ.

फुल फ्रेम कॅमेरा (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर), एफ/१.८, कमरेपर्यंतचा फोटो. ५० ने २ मीटरवरून काढलात तर साधारण १७ सेमी खोलीचा भाग शार्प येतो. ८५ लावून माणूस तेवढाच हवा असेल तर ३.४ मीटरवर जावं लागतं, आणि शार्प भाग पुन्हा १७ सेमीच! लेन्सने जे कमी केलं ते अंतराने भरून काढलं. एकाच जागी उभं राहून लेन्स बदलली तर फरक दिसतो, पण मग फ्रेमही बदललेली असते.

खरा फरक पडतो तो मागच्या धूसरपणात. ५० ला १.८ ने भागा: लेन्सचं छिद्र २८ मिमी. ८५ चं ४७. खूप लांबचा दिवा चेहऱ्याच्या मापाने मोजला तर जवळपास छिद्राएवढाच गोल पसरतो, म्हणजे ५० वर डोळ्याएवढा, ८५ वर ओठांच्या रुंदीएवढा. मला स्वतःला ८५ चा हा पसारा फार आवडतो.

पण जागा हवी ना! इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी मागे सरकता येतं. तिथल्याच सराफा बाजारात रात्री भुट्ट्याचा कीस परतणाऱ्याचा फोटो ८५ ने घ्यायला मागे गेलात की मध्ये चार माणसं आलीच. तिथे ५० घेऊन जवळच जावं. अंतर अर्धं झालं की शार्प भाग एक चतुर्थांश उरतो. १ मीटरवर जेमतेम ४ सेमी, म्हणजे डोळा शार्प आणि कान गेला. अशा वेळी मी छिद्र लहान करून एफ/२.८ ठेवतो. सात सेमीच्या आसपास मिळतात, चेहरा नीट येतो.

मात्र छिद्र लहान केलं की ते लहान-मोठं करणाऱ्या लेन्समधल्या पात्यांचा आकार दिसू लागतो. कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ/१.८ टू ला ५ पाती होती, त्यामुळे मागचे दिवे चक्क पंचकोनी येतात. तिच्या २०१५ च्या एसटीएम आवृत्तीला ७ आहेत. सेकंडहँड घेताना हे जरूर बघा.

आणि कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर ५० चीच फ्रेम ७५-८० सारखी येते. मग सध्या ८५ चे पैसे ठेवा.